सिमेंट रोड झाला की घरात पाणी का शिरतं, आणि हजारो कोटी लावूनही शहर का तुंबतं

तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा आधी लिहितो. नागपूरला नरेंद्रनगरच्या मागच्या लेआउटमध्ये तुमचं जुनं घर आहे, समोरचा डांबरी रोड आता सिमेंटचा होणार, शेजारच्या गल्लीत तो झाला तर तिथल्या लोकांच्या पोर्चमध्ये पाणी शिरून राहिलं. आणि मग तुम्ही विचारता की सरकार हायवे, मेट्रो, नदीजोड यावर हजारो कोटी लावून राहिलं तर एका पावसात शहर काहून तुंबतं, हे सगळं क्लायमेट चेंजमुळे असेल तर आपण काही करू शकतो का, की घर विकून मोकळं व्हावं. सोबत उन्हाचंही विचारलंय.

माझं काम पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याचं डिझाइन करायचं आहे, नाली, कल्व्हर्ट (रोडखालून पाणी जायची मोरी), नाल्याची भिंत वगैरे, बरीच वर्षं विदर्भातच केलंय आणि सरकारी एस्टिमेट बनवण्यात आयुष्य गेलंय. त्यामुळे पहिल्यांदा हे सांगतो की पाऊस बदलला हे खरं आहे, पण तुमच्या शेजाऱ्याच्या पोर्चमधलं पाणी पावसाने आलेलं नाही, लेव्हलने, म्हणजे रोड आणि घराच्या उंचीतल्या फरकाने आलंय. आणि लेव्हल माणसाने ठरवलेली असते, ती रोड ओतायच्या आधी बदलता येते. म्हणून घर विकायचा विचार सध्या बाजूला ठेवा.

अर्थात काही गोष्टी तुमच्या जागेवर अवलंबून आहेत. तुमचं घर लेआउटच्या खोलगट भागात आहे की चढावर, जवळचा नाला किती दूर, जमीन काळी आहे की मुरमाड, तुमच्या नालीचं तोंड शेवटी कुठे सुटतं. पश्चिम नागपुरात खाली बेसॉल्टचा खडक आणि वर काळी माती, पूर्वेकडे खडकच वेगळा, त्यामुळे एकाच शहरात दोन लेआउटचं पाणी वेगळं वागतं. हे बघितल्याशिवाय कोणी छातीठोक उत्तर देत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका, माझ्यावरही नको.

पावसाचं आधी बघू. नागपूरला वर्षाला साधारण हजार-अकराशे मिमी पाऊस पडतो, आणि वर्षाच्या बेरजेत फार उलथापालथ दिसत नाही म्हणून लोक म्हणतात की काही बदललं नाही. बदललाय तो पडण्याचा वेग. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचे रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या भागावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना जवळपास तिप्पट झाल्या. कारणही साधंच आहे, हवा एक अंश तापली की ती साधारण सात टक्के जास्त बाष्प धरू शकते, आणि मग ते धरलेलं पाणी एकदम सोडते. आमच्या धंद्यात वर्षाचा पाऊस कोणी विचारत नाही, तासाला किती मिमीच्या वेगाने पडला हे विचारतात, कारण नाली त्या वेगाने भरते.

आता ही नाली कुठल्या पावसासाठी बांधलेली असते ते ऐका, कारण हे सामान्य माणसाला कोणी सांगत नाही. केंद्राच्या १९९३ च्या जुन्या मॅन्युअलमध्ये शहराच्या बाहेरच्या वस्त्यांच्या नाल्या अशा हिशोबाने होत्या की वर्षातून दोनदा त्या ओसंडल्या तरी चालेल, मधल्या महागड्या भागात वर्ष-दोन वर्षांतून एकदा. २०१९ मध्ये स्टॉर्म वॉटरचं वेगळं मॅन्युअल आलं, त्यात मोठ्या शहरांच्या मुख्य भागासाठी ५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पावसापर्यंतचा हिशोब सांगितलाय. तुमच्या लेआउटची नाली बहुतेक जुन्या हिशोबाची असणार. म्हणजे ती कधीतरी ओसंडणार हे कागदावरच मान्य केलेलं होतं, आणि ते चुकीचंही नव्हतं, प्रत्येक गल्लीत शंभर वर्षांच्या पुराची नाली कोणालाच परवडत नाही. प्रश्न एवढाच की ओसंडलेलं पाणी रोडवर घोटाभर थांबून तासाभरात निघून जातं की तुमच्या सोफ्याखाली जातं.

एक हिशोब करून दाखवतो, आमच्याकडे रोज हाच करतात. एक हेक्टरचा लेआउट धरा, म्हणजे अडीच एकर. तासाला ६० मिमीच्या वेगाने पाऊस पडून राहिला. जागा मोकळी असेल, माती आणि झाडं असतील, तर त्यातलं साधारण ३० टक्के पाणी वाहून नालीत येतं, सेकंदाला ५० लिटर. त्याच जागेवर घरं झाली, अंगणात गट्टू (पेव्हर ब्लॉक) बसले, सिमेंट रोड झाला की ९० टक्के पाणी वाहतं, सेकंदाला १५० लिटर. पाऊस तोच आणि नालीही तीच. आता हवामान बदलामुळे पावसाचा वेग २० टक्के वाढला असं धरा, तर ते होतं १८०. म्हणजे ५० वरून १८० वर गेलो, वाढले १३०, त्यातले १०० आपण जमीन झाकली म्हणून आणि ३० आभाळातून. खरं तर काळी माती ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत पाणी पिऊन फुगलेली असते, भेगा बुजलेल्या असतात, तेव्हा ती ३० टक्क्यांपेक्षा बरंच जास्त पाणी सोडते, त्यामुळे हा फरक पावसाळ्याच्या शेवटी थोडा कमी होतो. तरी पण मोठा वाटा कोणाचा हे त्यातून कळतं, आणि त्या मोठ्या वाट्यावर मनपा, नासुप्र (नागपूर सुधार प्रन्यास) आणि तुम्ही-आम्ही अंगणवाले यांचा हात पोचतो.

आता तुमच्या रोडवर येतो. सिमेंट रोडमध्ये खाली मुरूम-खडीचा थर, त्यावर चार ते सहा इंच कमी सिमेंटचं काँक्रीट ज्याला डीएलसी म्हणतात, त्यावर आठ इंच किंवा जास्त मुख्य काँक्रीट. म्हणजे वरचे दोन थरच फूटभर. हा फूटभर थर जुना डांबरी रोड खोदून खाली बसवायचा असतो, त्याला बॉक्स कटिंग म्हणतात. खोदायचं म्हटलं की खाली पाण्याची लाइन, गडर (सांडपाण्याची) लाइन, केबल, गॅसची लाइन, कोणती कुठे आहे याचा नकाशा नसतो, वेळ जातो, ठेकेदाराला नको असतं, ज्युनियर इंजिनिअरलाही रोजची कटकट नको असते. मग जुन्या रोडवरच ओतून टाकतात. तुमचा प्लिंथ (घराचं जोतं) रोडपेक्षा दीड फूट वर होता तो अर्धा फूट उरला, पोर्च तर खालीच गेला. शेजारच्या गल्लीत नेमकं हेच झालं असणार, आणि हे तुम्ही मोजपट्टी घेऊन दहा मिनिटांत तपासू शकता, जुन्या गेटच्या खालच्या पट्टीपासून नव्या रोडचा वरचा काठ मोजा.

दुसरी गोष्ट नालीचा ढाळ. मागे एका लेआउटमध्ये तक्रार अशी होती की नवीन आरसीसी नाली होऊनही पाणी हलतच नाही. पाऊस चालू असतानाच ऑटो लेव्हल (उंची मोजायची दुर्बीण) लावली, पोरगा छत्री धरून उभा आणि दुसरा स्टाफ, म्हणजे मोजायची उभी पट्टी, घेऊन नालीच्या तळावर, सुरुवातीपासून तोंडापर्यंत दर दहा मीटरवर रीडिंग घेतलं. तोंडाजवळचा तळ सुरुवातीच्या तळापेक्षा वर निघाला. उलटा ढाळ. काँक्रीट उत्तम होतं, सळ्या बरोबर होत्या, मेजरमेंट बुकात लांबी-रुंदी-उंची सगळं चोख भरलेलं होतं, बिलही निघालेलं होतं, फक्त तळाची लेव्हल कोणी मोजलीच नव्हती कारण बिल रनिंग मीटरवर निघतं. माझ्या दृष्टीने सरकारी पैशाचं जे चुकतं ते हे आहे. आपण लांबी विकत घेतो, निचरा विकत घेत नाही.

तिसरी गोष्ट तोंड. नाली कितीही चांगली असू द्या, ज्या नाल्यात ती सुटते तो नाला भरला की तोंड पाण्याखाली जातं आणि पाणी उलटं येतं. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आठवा. काही तासांत शंभर मिमीच्या वर पाऊस, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी काठ सोडून अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा लेआउट, सीताबर्डी, मोरभवनपर्यंत घुसली, माणसं गेली. अंबाझरी तलाव दीडशे वर्षांपूर्वीचा, मातीचं धरण, तेव्हा वरच्या लाव्हा-वाडी-हिंगण्याकडच्या पाणलोटात शेतं आणि माळरान होतं. २०२३ च्या त्या पुराच्या वेळी सांडव्याला दरवाजे नव्हते, म्हणजे तलाव भरला की वरून येईल तेवढं पाणी तसंच खाली जाणार. आणि खाली नदीच्या पात्रात आपण काय काय करून ठेवलंय, भिंती, स्लॅब, पार्किंग, सांडव्यासमोरचं स्मारक ज्याच्यावरून हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात प्रकरण गेलं. त्या रात्रीचा पाऊस असाधारण होताच, त्यात वाद नाही. पण वरचा पाणलोट झाकलेला, मधला तलाव भरलेला आणि खालचं पात्र आवळलेलं, अशा जागी त्यापेक्षा थोड्या कमी पावसातही त्रास झालाच असता.

राज्यात नदीकाठासाठी निळी आणि लाल रेषा आखतात, निळी म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकाम नको आणि दोन रेषांच्या मध्ये अटींवर, असा साधारण नियम. पण रेषा ज्या जुन्या पावसावरून काढल्या तो पाऊस आता राहिला नाही, आणि शहरातल्या छोट्या नाल्यांना तर रेषाच नसतात. तुमच्या भागात पोरा नदीला मिळणारे जे नाले आहेत ते बहुतेक लोकांना नाला म्हणून माहीतही नाहीत, गडर म्हणूनच माहीत आहेत.

आता पैशाचं, कारण तुमचा खरा राग तिथे आहे आणि तो बरोबर आहे. राज्य पैसा कसा लावतं ते बघा. समृद्धी महामार्ग ७०१ किमी, जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. वैनगंगा-नळगंगा नदीजोड, गोसीखुर्द धरणापासून बुलढाण्यापर्यंत चारशे किमीच्या वर कालवा, खर्च ८० हजार कोटींच्या पुढे. मी या कामांच्या विरोधात नाही, पश्चिम विदर्भातल्या शेतकऱ्याला पाणी मिळावं हे मला मनापासून वाटतं. पण गोसीखुर्दचं भूमिपूजन १९८८ ला झालं, तेव्हाचा अंदाज ३७२ कोटी होता, २००९ ला राष्ट्रीय प्रकल्प झाला, खर्च हजारो कोटींवर गेला आणि कालव्यांचं काम अजून बाकी आहेच. वर त्या जलाशयात नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून, कन्हानमधून जातं. इतकी मोठी गुंतवणूक करून तिच्या तोंडाशी आपण घाण सोडून राहिलो. नाग नदीच्या शुद्धीकरणाची योजना दोन हजार कोटींच्या आसपासची आहे, ती गोसीखुर्दचाच भाग म्हणून तीस वर्षं आधी करायला हवी होती असं माझं स्पष्ट मत आहे.

यात एक हिशोबाची अडचण आहे जी लोकांना दिसत नाही. २०२०-२१ पासून केंद्र राज्यांना भांडवली कामांसाठी ५० वर्षांचं बिनव्याजी कर्ज देतं. चांगली गोष्ट आहे, पण ते नवीन बांधायला मिळतं. नाल्यातला गाळ काढायला, जाळ्या साफ करायला, चेंबरचं झाकण बदलायला लागतो तो महसुली खर्च, तो मनपाच्या स्वतःच्या खिशातून जातो आणि तो खिसा नेहमी फाटका. त्यामुळे अधिकाऱ्यालाही जुनी नाली साफ ठेवण्यापेक्षा नवीन नालीचा प्रस्ताव पाठवणं सोपं पडतं. दरवर्षी पावसाळ्याआधी नाग, पिली, पोरा नद्यांची सफाई होते ती चांगलीच आहे, पण लेआउटच्या आतल्या नाल्यांचं कोण बघतं हे तुम्ही तुमच्या झोन ऑफिसात विचारून बघा.

मोठ्या रोडचंही हेच आहे. सपाट काळ्या जमिनीवर भराव टाकून रोड काढला की तो पाण्यासाठी बांधच होतो. पाणी कुठून कुठे जात होतं हे पाहून पुरेसे कल्व्हर्ट ठेवले तर ठीक, नाही तर वरच्या बाजूच्या शेतात आठवडाभर पाणी उभं राहतं आणि सोयाबीन, कपाशी सडते. डिझाइनच्या वेळी एक जास्तीचा बॉक्स कल्व्हर्ट टाकायला एकूण खर्चाच्या मानाने काहीच लागत नाही, रोड चालू झाल्यावर तोच टाकायचा म्हणजे वाहतूक वळवा, भराव कापा, कित्येक पट पैसा. याचं चांगलं उदाहरण आपल्याच बाजूला आहे. नागपूर-जबलपूर हायवेचं चौपदरीकरण पेंचच्या जंगलातून जाणार होतं, कोर्टकचेरी झाली, शेवटी महाराष्ट्राच्या हद्दीत नऊ ठिकाणी प्राण्यांसाठी खालून वाट ठेवली, एक तर ७५० मीटर लांब आहे. भारतीय वन्यजीव संस्थेने कॅमेरे लावले तर वाघासकट प्राणी खालून जाताना सापडले. तेव्हा त्याला फालतू खर्च म्हणणारे खूप होते. भांडेवाडीला सांडपाणी शुद्ध करून ते महाजेनकोच्या कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांना देतात, तेही असंच, नागपूरला ज्यातून पाणी येतं त्या पेंच धरणाचं तेवढं पाणी वाचतं. आणि पेंचचा भरवसा किती, तर वर मध्य प्रदेशात त्याच पेंच नदीवर चौराई धरण झालं, २०१९ ला पाऊस लांबला आणि जुलैमध्ये नागपूरला एक दिवसाआड पाणी आलं. म्हणून नदीजोड असो की पाणीपुरवठा, जुन्या वर्षांचा येवा (नदीतून येणारं पाणी) धरून पुढच्या पन्नास वर्षांचं काम काढू नये.

उन्हाचंही तुम्ही विचारलं होतं, ते थोडक्यात सांगतो. २३ मे २०१३ ला नागपूरचं तापमान ४७.९ गेलं होतं. नियमानुसार रोडचं काँक्रीट ओतताना त्याचं स्वतःचं तापमान ३० अंशांच्या वर नको. आपल्याकडे कामाचा हंगामच मार्च ते जून, पावसाच्या आधी संपवायची घाई, मग दुपारी बारा वाजता ओततात, वरचं पाणी उडून जातं आणि पहिल्याच दिवशी केसासारख्या भेगा पडतात. रात्री ओतलं, मिक्सरच्या पाण्यात बर्फ टाकला, ओली पोती अंथरून नीट क्युअरिंग केलं तर हे टळतं. आणि सिमेंट रोड दिवसभर तापून रात्री उष्णता सोडत राहतो, म्हणून कडेची झाडं वाचवणं हे शोभेचं काम नाही. झाडाच्या बुंध्याला चिकटून गट्टू लावत असतील तर थांबवा, चारी बाजूंनी मीटरभर माती मोकळी सोडायला लावा, पाणीही तिथे जिरतं.

आता तुम्ही काय करायचं. रोडचं काम चालू व्हायच्या आधी झोन ऑफिसातून एस्टिमेट आणि ड्रॉइंग मागा, देत नसतील तर माहिती अधिकारात अर्ज टाका, पण अर्जाला महिना जातो म्हणून आजच टाका. त्यात तीन गोष्टी बघायच्या. बॉक्स कटिंगचं आयटम आहे का आणि रोडची फायनल लेव्हल जुन्या रोडएवढीच आहे का. नालीच्या तळाचे आरएल, म्हणजे ड्रॉइंगवर लिहिलेल्या उंचीचे आकडे, सुरुवातीपासून तोंडापर्यंत उतरत गेलेत का. आणि नाली कोणत्या नाल्यात सुटते, त्या नाल्याची पुराची पातळी तोंडापेक्षा खाली आहे का. पावसाचा कोणता आकडा धरलाय हेही विचारा, उत्तर नाही आलं तरी विचारलेलं लेखी राहू द्या. लेआउटमधल्या पंधरा-वीस घरांनी सह्या करून डेप्युटी इंजिनिअरला एकच मागणी द्या की ओतायच्या आधी आमच्यासमोर लेव्हल घ्या. एकट्या माणसाच्या तक्रारीपेक्षा याचा उपयोग होतो, आणि काम चांगलं करायची इच्छा असलेल्या इंजिनिअरला ठेकेदारासमोर त्याच कागदाचा आधार मिळतो, असे इंजिनिअर आहेत, मी त्यांच्यासोबत काम केलंय.

शेजारच्या गल्लीतल्या लोकांना सांगा की त्यांच्या रोडचा दोषदायित्व कालावधी (ठेकेदाराने दुरुस्ती करून द्यायची मुदत) कधी संपतो ते पाहावं, त्या आत असेल तर रोड आणि नालीच्या मधली जाळी उघडी करणं, तुटलेली जागा दुरुस्त करणं ठेकेदाराकडूनच करून घेता येतं. पूर्ण रोड खाली करणं आता होणार नाही, ते खरं सांगितलेलं बरं. पण रोडच्या काठाला दर वीस-पंचवीस मीटरवर नालीत पाणी जायला तोंड आहे का, की नालीची भिंतच रोडपेक्षा वर आली आणि भोकं बुजली, हे बघा. निम्म्या गल्ल्यांमध्ये एवढंच केलं तर पोर्च सुटतो.

घरासाठी दोनच कामं लगेच करा. गडर लाइनच्या शेवटच्या चेंबरवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा, म्हणजे बाहेर लाइन भरली तरी संडास-बाथरूममधून पाणी उलटं येणार नाही, आणि मीटर बोर्ड पोर्चमध्ये खाली असेल तर वायरमनकडून वर घ्या. पोर्च भराव टाकून उचलायची घाई करू नका. सगळे उचलत गेले की ज्याने नाही उचललं त्याच्या घरात सगळ्यांचं पाणी जातं, आणि तो बहुतेक म्हातारा-म्हातारीचा किंवा भाडेकरूचा मजला असतो. अंगणात गट्टू असतील तर निदान एका पट्टीतले काढून माती मोकळी करा, काळी माती असेल तर घराच्या पायापासून दूर, कारण ती फुगते आणि भिंतीला भेग देते.

एस्टिमेट हातात आलं की नालीच्या पानावरचे आरएल आणि रोडचा क्रॉस सेक्शन इथेच टाका, सोबत तुमच्या गेटच्या पट्टीपासून आताच्या रोडपर्यंतची उंची मोजून लिहा. तेवढ्यावरून ढाळ उलटा आहे की तोंड लहान पडतंय हे सांगता येईल आणि झोनला द्यायच्या पत्राचा मजकूरही करून देतो.